मेजावरचे बहुरूपी

सुगी आटोपली की गावात बहुरूपी येई. कधी फौजदाराच्या वेषात दारात उभा राहून घरमालकाला दरडावी, कधी वैद्य होऊन नाडी पाही, कधी वसुलीचा कारकून होऊन जुनी थकबाकी काढी. पोरे घाबरून आत पळत आणि मोठी माणसे हसू दाबत. खेळाचा शेवट ठरलेला असे. बहुरूपी आपण कोण ते स्वतःच सांगून टाकी, बिदागी घेई आणि पुढच्या दाराशी जाई. आपण फसलो असे कोणाला वाटत नसे, कारण फसवणुकीचा शेवट उलगड्याने करायचा हा त्या धंद्याचा धर्म होता.

संगणकाच्या पडद्यावरही गेली तीस-पस्तीस वर्षे असेच एक सोंग चालू आहे. एका कार्यप्रणालीला दुसरीचा पेहराव चढवायचा; विंडोजवर मॅकिंटॉशचा, लिनक्सवर विंडोजचा, जुन्या मॅकवर येऊ घातलेल्या नव्या मॅकचा. हौशी पोरांचा उद्योग म्हणून त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. परंतु या उद्योगाचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा त्यात कोर्टकज्जे, कंपन्यांची भांडणे, एका हुकूमशाही राष्ट्राचा कारभार आणि सामान्य माणसाच्या हाताची सवय एवढे सगळे गुंतलेले आहे असे आमच्या ध्यानात आले. दिसणे कोणाच्या मालकीचे असते, आणि सवय कोणाच्या मालकीची असते, हे त्यातले दोन मुख्य प्रश्न आहेत. तिसराही एक प्रश्न आहे. तो आम्हांला उशिरा सुचला, तोही एका ग्रंथपालांनी सुचवला म्हणून. त्यांची हकीकत शेवटी सांगू.

मुळात ज्याची नक्कल होते ते अस्सल कोठून आले, येथपासून सुरुवात करणे भाग आहे. झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र उघडले. तेथे १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. कागदासारखा पांढरा पडदा, एकमेकींवर पडणाऱ्या खिडक्या आणि हाताखाली माउस या गोष्टी त्यावर एकत्र आल्या. १९८१ साली झेरॉक्सने 'स्टार' हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर कचेरीतले मेज मांडलेले होते. कागद, फोल्डर, टपालाची पेटी, सारे चित्ररूपाने. किंमत सोळा हजार डॉलरच्या घरात असल्याने ते फारसे खपले नाही. मधल्या काळात, १९७९ च्या अखेरीस, ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे सहकारी ते केंद्र पाहून आले होते. पुढे १९८३ च्या जानेवारीत ॲपलचा 'लिसा' आणि १९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश आला. ॲपलने केवळ उचलेगिरी केली, हे म्हणणे अर्धवट आहे. खाली उघडणारे मेन्यू, चिन्ह उचलून दुसरीकडे टाकणे, आणि मुख्य म्हणजे मध्यमवर्गीयाला परवडू शकेल अशा यंत्रात हे सगळे बसवणे, हे काम ॲपलमध्ये झाले. तरीही जो देखावा पुढे ॲपलने आपला म्हणून कोर्टात मांडला, त्याची पाळेमुळे दुसऱ्याच्या अंगणात होती, हे विसरता येत नाही.

भांडणाला फार वेळ लागला नाही. डिजिटल रिसर्च या कंपनीने १९८५ साली 'जेम' नावाचे आवरण काढले. साध्या पीसीवर ते घातले की पडदा मॅकिंटॉशसारखा दिसे, कोपऱ्यातल्या कचरापेटीसकट. ॲपलने दावा लावण्याची धमकी दिली आणि डिजिटल रिसर्चने माघार घेतली. पुढच्या आवृत्तीतून कचरापेटी गेली, मुक्तपणे हलणाऱ्या खिडक्या गेल्या आणि जागच्या जागी बसवलेल्या दोन खिडक्या उरल्या. गंमत अशी की, अटारी कंपनीच्या यंत्रांवरचे 'जेम' या तडजोडीच्या बाहेर राहिले. तेथे कचरापेटी शाबूत होती आणि खिडक्याही हव्या तशा हलत होत्या. एकाच सोंगाला एका गावात बंदी आणि शेजारच्या गावात मोकळीक, असा हा प्रकार होता.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. तिच्यात खिडक्या एकमेकींवर येत नसत. फरशा बसवाव्यात तशा शेजारी-शेजारी बसत. त्याच महिन्यात ॲपलने मायक्रोसॉफ्टशी करार करून काही दृश्य घटक वापरण्याची परवानगी दिली. १९८७ च्या अखेरीस विंडोजची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्या. मार्च १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि ह्यूलेट-पॅकार्ड या दोघांवर फिर्याद केली. ह्यूलेट-पॅकार्डचे 'न्यूवेव्ह' हे विंडोजवर चढवायचे आवरण होते, म्हणजे सोंगावरचे सोंगच. ॲपलने साम्य असलेल्या १८९ घटकांची यादी दिली. त्यांपैकी १७९ घटक १९८५ च्या कराराने आधीच दिले गेले आहेत, असे न्यायालयाने ठरवले. उरलेल्या दहांवर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. कारण खिडकी दाखवायची तर ती दाखवण्याच्या रीती मोजक्याच असतात आणि कल्पनेवर हक्क मिळत नाही. न्यूवेव्हमधील कचरापेटी आणि फोल्डर यांची चित्रे तेवढी ॲपलच्या बाजूने गेली. १९९४ साली अपील न्यायालयाने निकाल कायम केला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले. या दरम्यान, डिसेंबर १९८९ मध्ये, झेरॉक्सने ॲपलवर दावा लावला होता. तोही पुढच्या वर्षी बहुतांशी फेटाळला गेला.

ॲपलचा आग्रह असा होता की, घटक सुटे-सुटे तपासू नका, एकंदर 'रूप आणि अनुभव' पाहा. न्यायालयाने तसे केले नाही. हक्काचे असेल ते आधी वेगळे काढा आणि मग तुलना करा, असे म्हटले. आमच्या मते, या एका पद्धतीने पुढच्या सगळ्या बहुरूप्यांना मोकळे रान मिळाले. चित्र जसेच्या तसे उचलाल तर अपराध. पण बटण कोठे असावे, मेन्यू कसा उघडावा, खिडकी कशी मिटावी, ही रीत कोणाची खासगी नव्हे. आपल्याकडे वाड्याची नक्षी उतरवून घेणाऱ्या सुताराला कोणी चोर म्हणत नाही, पण दुसऱ्याच्या दाराची चौकट काढून नेणाऱ्याला म्हणतात, तसाच काहीसा हा भेद आहे.

कायद्याचे असे झाले. तंत्राचीही एक बाजू आहे आणि ती समजल्याशिवाय हे सोंग इतके सोपे का झाले ते कळत नाही. युनिक्स आणि नंतर लिनक्स यांच्यावर चालणारी 'एक्स विंडो' ही व्यवस्था एमआयटी या संस्थेत १९८४ साली सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी एक धोरण जाणीवपूर्वक घेतले होते: पडद्यावर रेघ ओढण्याची, खिडकी मांडण्याची सोय आपण द्यायची, ती खिडकी कशी दिसावी याचा हुकूम मात्र द्यायचा नाही. खिडकीची चौकट, वरची पट्टी, बटणे हे सगळे 'विंडो मॅनेजर' नावाच्या निराळ्या आज्ञावलीचे काम. ती आज्ञावली बदलली की आतले यंत्र तेच राहून चेहरामोहरा बदलतो. विंडोज आणि मॅक यांच्यात चेहरा आणि देह असे सुटे नव्हते. म्हणून लिनक्सवर सोंग घेणे म्हणजे अंगरखा बदलणे होते आणि विंडोजवर ते घेणे म्हणजे कातडी सोलण्यासारखे होते.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि पडद्याच्या डाव्या तळकोपऱ्यात 'स्टार्ट' हे बटण बसले. थोड्याच काळात लिनक्सच्या जगात 'एफव्हीडब्ल्यूएम-९५' हा विंडो मॅनेजर अवतरला. तीच करडी पट्टी, तेच उठावदार बटण, तोच कोपरा. ज्या लोकांनी मायक्रोसॉफ्टचा मनापासून तिटकारा केला त्यांच्याच यंत्रावर मायक्रोसॉफ्टचा चेहरा, हा विरोधाभास तेव्हाही अनेकांना खटकला. दुसरीकडे 'आफ्टरस्टेप' आणि 'विंडो मेकर' यांनी 'नेक्स्टस्टेप'ची नक्कल केली. जॉब्ज यांनी ॲपल सोडल्यावर काढलेल्या कंपनीची ही कार्यप्रणाली दिसायला देखणी होती, पण तिचे यंत्र फार महाग. गरिबाघरच्या लिनक्सवर तिची छबी उतरली. पुढे ॲपलने ती कंपनी विकत घेतली, हा सौदा डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर झाला, आणि नेक्स्टचा 'डॉक' नव्या मॅकच्या तळाशी जाऊन बसला. म्हणजे नेक्स्टचे रूप मॅकवर दिसू लागण्याच्या काही वर्षे आधीच ते लिनक्सवाल्यांच्या पडद्यावर नांदत होते. नकलेचा हा गुण आमच्या लेखी महत्त्वाचा आहे. बाजारात हरलेल्या वस्तूचे रूप ती सांभाळून ठेवते. आजही 'शिकागो-९५' या नावाने विंडोज ९५ चा करडा पेहराव लिनक्सवर हौसेने चढवला जातो, तो त्याच परंपरेतला.

ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील मॅथियास एट्रिख यांनी केडीई हा प्रकल्प जाहीर केला. त्यांची तक्रार साधी होती: लिनक्सवरच्या प्रत्येक आज्ञावलीचा चेहरा वेगळा, वागणूक वेगळी, सामान्य माणसाने यातले काय शिकावे? केडीईच्या पुढच्या आवृत्त्यांत पहिल्याच वेळी एक मदतनीस समोर येई आणि विचारी, तुम्हांला वागणूक कशी हवी: केडीईची, युनिक्सची, विंडोजची की मॅकची? त्या उत्तरावर एका टिचकीने फाइल उघडायची की दोन, मेन्यूची पट्टी खिडकीत ठेवायची की पडद्याच्या माथ्यावर, हे ठरे. आमच्या पाहण्यात आलेला नकलेचा हा सर्वांत सभ्य नमुना. सोंग घेण्यापूर्वी ज्याच्यासमोर ते घ्यायचे त्यालाच येथे विचारले जात होते.

मॅकच्या बाजूला गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. 'कॅलिडोस्कोप' नावाची एक छोटी आज्ञावली जुन्या मॅकवर निघाली होती. तिच्या कर्त्यांपैकी एकाने आधी 'एरन' ही आज्ञावली लिहिली होती. तिच्यामुळे जुना मॅक, तोवर न आलेल्या 'कोपलंड' या कार्यप्रणालीसारखा दिसे. कोपलंड कधी आलेच नाही. जे जन्मलेच नाही त्याचे सोंग लोकांच्या मेजावर येऊन बसले होते, असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. ॲपलनेही रूपे बदलण्याची सोय आपल्या प्रणालीत आणण्याचे मनावर घेतले होते. परंतु १९९८ साली आवृत्ती ८.५ बाहेर पडली तेव्हा त्या निरनिराळ्या थीम तिच्यात नव्हत्या. चेहरा एकच हवा आणि तो आम्ही ठरवू, असे धोरण तेव्हापासून ॲपलमध्ये पक्के झाले.

जानेवारी २००० मध्ये ॲपलने 'अॅक्वा' हे रूप दाखवले. काचेच्या थेंबासारखी निळी बटणे, पारदर्शक मेन्यू, खाली झुलणारा डॉक. मॅक ओएस टेन प्रत्यक्ष विक्रीला आली ती मार्च २००१ मध्ये. पण अॅक्वाच्या नकला दाखवल्यानंतर काही दिवसांतच इतर प्रणालींवर हजर झाल्या. ॲपलच्या वकिलांनी थीम ठेवणाऱ्यांना पत्रे पाठवली. कोर्टाने रीत मोकळी सोडली असली तरी चित्रे मोकळी नव्हती, आणि हौशी पोरांनी चित्रेच उतरवली होती. एक दार लावले की दुसरे उघडे, असे काही वर्षे चालले.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. निळी पट्टी, हिरवे स्टार्ट बटण आणि मागे हिरवीगार टेकडी. तिच्यात थीम बदलण्याची सोय होती, पण मायक्रोसॉफ्टच्या सहीशिक्क्याची थीम असेल तरच. हौशी लोकांनी ती तपासणी करणारी 'यूएक्सथीम' ही फाइलच बदलून टाकली. त्याच्याही आधी, १९९८ पासून, स्टारडॉक कंपनीचे 'विंडोब्लाइंड्स' खिडक्यांच्या चौकटी बदलून देत होते. मग 'फ्लायअकाइट ओएस एक्स' सारखी रूपांतराची गाठोडीच मिळू लागली. एकदा ती चालवली की आयकॉन, बाण, आवाज, सुरुवातीचा पडदा, सगळे मॅकसारखे. यासाठी विंडोजच्या अंतरंगातल्या फायलींची अदलाबदल करावी लागे. प्रणालीची दुरुस्ती आली की मूळ फायली परत येत आणि अर्धे अंग मॅकचे, अर्धे विंडोजचे असा नरसिंह तयार होई. भारतात तेव्हा मॅक पाहिलेला माणूस विरळा होता. मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांत जुन्या पीसीवर हा खटाटोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अस्सल मॅकला कधी हात लावलेला नव्हता, आम्हीही त्यांतलेच. मासिकातल्या चित्रावरून दागिना घडवावा तसे ते काम होते.

नकलेने माणसाची पारख कशी डळमळते याचा एक प्रयोग २००९ च्या सुरुवातीला सिडनीत झाला. एका तंत्रविषयक वार्तासंस्थेच्या लोकांनी रस्त्यावरच्या माणसांना केडीईची चौथी आवृत्ती दाखवली आणि ही येऊ घातलेली विंडोज ७ आहे असे सांगितले. लोकांनी ती पाहिली, वापरली आणि वाखाणली. लोक मूर्ख आहेत असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. बहुतेक माणसे कार्यप्रणाली वापरत नाहीत, ती आपली सवय वापरतात. आणि सवयीला जे ओळखीचे वाटते त्याचे नाव ती विचारत बसत नाही.

आपल्याकडे याची साक्ष वेगळ्या ठिकाणी मिळते. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था २००१ साली स्थापन झाली. तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून तालुक्या-तालुक्यांतील लोकांनी संगणक शिकला. शिकला म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकला. 'स्टार्टवर क्लिक करा' हे त्या शिक्षणाचे श्रीगणेशा होते. मराठी टंकलेखनाचेही तेच. टंकलेखन यंत्रावर बोटे बसलेल्या कारकुनांसाठी संगणकावरच्या मराठी आज्ञावल्यांना जुन्या यंत्राचा कळफलक पुरवावा लागला. इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक अधिक तर्कशुद्ध असूनही बोटांनी आपला हट्ट सोडला नाही. यंत्र मोडीत निघाले तरी त्याची कळपट्टी माणसाच्या हातात जिवंत राहिली. हाताला लागलेली ही रीत मग ज्याला बदलायची असेल त्याला आधी तिचे सोंग आणावे लागते.

या शक्तीचा उपयोग कोण करतो, यावर तिचे बरेवाईट ठरते. अमेरिकेत 'लिंडोज' नावाच्या कंपनीने विंडोजसारखा वापरता येईल असा लिनक्स विकायला काढला, तेव्हा डिसेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने दावा लावला तो रूपावरून नव्हे, तर नावावरून. 'विंडोज' या सामान्य शब्दावरचा हक्कच कोर्टात टिकणार नाही अशी चिन्हे दिसू लागली, आणि २००४ साली मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन ते नाव विकत घेतले. लिंडोजची लिनस्पायर झाली. चीनमध्ये एक्सपीच्या चोरट्या प्रती सजवून वाटणाऱ्या 'टोमॅटो गार्डन'च्या लोकांना २००९ साली तुरुंगवास झाला. त्याच धंद्यातल्या 'वायएलएमएफ' या गटाने मग उबुंटू घेतले आणि त्याला एक्सपीचा इतका हुबेहूब पेहराव चढवला की चटकन फरक कळू नये. चोराने चोरी सोडली, पण गिऱ्हाइकाच्या सवयीसाठी चोरीच्या मालाचे रूप ठेवले.

उत्तर कोरियाचे 'रेड स्टार' हे याच तंत्राचे दुसरे टोक. लिनक्सवर उभारलेल्या या सरकारी प्रणालीच्या आधीच्या आवृत्तीचा देखावा विंडोजच्या वळणाचा होता. तिसरी आवृत्ती थेट मॅकसारखी दिसते, डॉकसकट. डिसेंबर २०१५ मध्ये दोन जर्मन संशोधकांनी तिची चिरफाड करून हॅम्बुर्गच्या परिषदेत मांडली. पेनड्राइव्हवरून आलेल्या चित्रावर, दस्तऐवजावर ही प्रणाली वापरणाऱ्याच्या नकळत खूण उमटवते. त्यामुळे ती फाइल कोणाकोणाच्या हातून गेली ते हुडकता येते. प्रणालीच्या महत्त्वाच्या फायलींत कोणी हात घातला असे वाटले तर यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होते. मुक्ततेच्या तत्त्वावर लिहिलेली आज्ञावली, भांडवलशाहीतल्या सर्वांत चोखंदळ कंपनीचा चेहरा आणि आत पहारेकरी, असे हे तिहेरी सोंग आहे. येथे बहुरूपी शेवटी आपली ओळख सांगत नाही.

याच्या उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये काली लिनक्सने आणलेली 'अंडरकव्हर' सोय. सुरक्षेची तपासणी करणारे लोक ही प्रणाली वापरतात आणि तिचा काळा पडदा चारचौघांत लक्ष वेधून घेतो. एक आज्ञा दिली की पडदा विंडोज १० सारखा होतो. तीच आज्ञा पुन्हा दिली की सोंग उतरते. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने विंडोजच्या जागी 'माया' ही उबुंटूवर आधारलेली प्रणाली आणण्याचे ठरवल्याच्या बातम्या आल्या, त्यांतही तिचा तोंडवळा विंडोजसारखा असल्याचे आवर्जून सांगितले होते. नावात तरी प्रामाणिकपणा आहे, असे आम्ही तेव्हा गमतीने म्हटले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. त्याच दिवशी डब्लिनच्या 'झोरिन' प्रणालीची अठरावी आवृत्ती निघाली. २००९ पासून विंडोजच्या सवयीचा माणूस बुजू नये हेच तिचे ब्रीद आहे. जुने पण धडधाकट यंत्र भंगारात जाऊ नये यासाठी घेतलेले हे सोंग आम्हांला पुण्याचे वाटते.

आता ग्रंथपालांची हकीकत. २००७ च्या सुमारास आमच्यापैकी दोघे-तिघे एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाच्या कामात हातभार लावत होतो. तेथे देणगीत मिळालेला एक संगणक होता. त्याच्यावरची विंडोज विनापरवान्याची, पेनड्राइव्हबरोबर येणाऱ्या विषाणूंनी पोखरलेली. परवाना घेण्याइतके पैसे वाचनालयापाशी नव्हते. ग्रंथपाल साठीच्या पुढचे. वर्गणीदारांची यादी रोमन लिपीत ठेवण्यापुरता संगणक ते महत्प्रयासाने शिकले होते. त्यांना पुन्हा शिकायला लावणे आमच्या जिवावर आले. एका रविवारी आम्ही त्या यंत्रावर लिनक्स बसवले, वर केडीई, आणि त्याला एक्सपीचा संपूर्ण पेहराव: हिरवे बटण, निळी पट्टी, टेकडीचे चित्र, 'माय कॉम्प्युटर' हे नावसुद्धा. 'जरा साफसफाई केली आहे, काका', एवढेच त्यांना सांगितले. सात-आठ महिने सुरळीत गेले. यंत्र झटपट झाले म्हणून त्यांनी आमचे कौतुकही केले.

मग अनुदानाच्या माहितीसाठी वरच्या कार्यालयातून एक सीडी आली. तिच्यातली आज्ञावली विंडोजसाठी लिहिलेली, ती काही चालेना. सीडीबरोबरच्या कागदावर सांगितलेली प्रत्येक पायरी काकांनी दोन दिवस पुनःपुन्हा केली. कागद म्हणे येथे क्लिक करा; बटण होते, पण त्यामागे ती वस्तू नव्हती. आपल्यालाच जमत नाही असे धरून त्यांनी आम्हांला निरोप धाडला. सगळ्याचे सोंग आणता येते, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण आम्ही ऐकली होती. देखाव्यामागच्या यंत्राचेही आणता येत नाही, हे त्या दिवशी शिकलो. खरे ते सांगितल्यावर काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बदललंत त्याचं काही नाही. चांगल्यासाठीच केलंत. पण दोन दिवस मला वाटत होतं की माझं डोकं चालेनासं झालंय. एवढं तरी सांगायचं होतंत."

त्यांनी लिनक्स काढायला सांगितले नाही. सोंग उतरवायला सांगितले. जे आहे ते दिसू द्या, म्हणजे अडलं तर कुठे अडलं ते मला कळेल, असे त्यांचे म्हणणे. आम्ही हिरवे बटण काढले, केडीईचा स्वतःचा चेहरा परत ठेवला आणि अनुदानाची माहिती दुसरीकडच्या संगणकावर भरून दिली. काकांनी महिनाभरात नवी मांडणी आत्मसात केली. मात्र संध्याकाळच्या पाळीला येणाऱ्या मदतनीस मुलीला ती जमेना; एमएस-सीआयटीत शिकलेले बटण तिला सापडत नव्हते. तेव्हा तिच्यासाठी वेगळे खाते उघडून त्यात एक्सपीचा पेहराव पुन्हा चढवला. या वेळी काकांनी एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून तो पडद्याच्या चौकटीला डकवला: 'हे विंडोज नाही. तसे दिसते. अडल्यास विचारावे.'

न्यायालयांनी रूपाच्या मालकीचा प्रश्न सोडवला, आणि आमच्या मते बऱ्याच अंशी योग्य सोडवला. रीत सर्वांची असावी, नाही तर पहिल्या वाटसरूने वाटच विकत घेतल्यासारखे होईल. सवयीच्या मालकीबद्दलही आम्हांला फारशी शंका उरलेली नाही. ती ज्याच्या हाताला आहे त्याची, आणि ती बरोबर घेऊन दुसऱ्या घरी जाण्याचा त्याला अधिकार आहे. उरला तिसरा प्रश्न, तो सोंग कोणासमोर घेतले आणि त्याला सांगितले का, हा. केडीईच्या त्या मदतनीसाने तो विचारला होता. आम्ही विचारला नव्हता. ते वाचनालय पुढे मोठ्या जागेत गेले आणि तो संगणकही भंगारात निघाला. काकांच्या हस्ताक्षरातला तो कागद मात्र आमच्यापैकी एकाने काढून ठेवला आहे.